व्हेनिस पाहायचे तर मुक्कामाला

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या युरोप सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत व्हेनिसच्या वाट्याला बहुधा अर्धा दिवस येतो. सकाळी बस त्रोंकेत्तोच्या वाहनतळावर थांबते, तिथून मोटरबोट सान मार्को चौकाजवळच्या धक्क्यावर आणून सोडते. काच फुंकण्याचे प्रात्यक्षिक, चौकात छायाचित्रे, हौस आणि खिसा दोन्ही असल्यास गोंडोलाची एक फेरी, आणि तीन-चारच्या सुमारास मंडळी पुन्हा बोटीत. परतल्यावर कुणी विचारले तर उत्तर ठरलेले असते : शहर सुंदर आहे, पण गर्दी फार, महागाई फार आणि पाण्याला जरा वास येतो. तक्रार खरीच असते. फक्त ती व्हेनिसबद्दल नसून त्या चार तासांबद्दल असते. रोज सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात बाहेरून आलेले हजारो लोक सान मार्को आणि रिआल्तो पूल यांच्यामधल्या अरुंद गल्ल्यांत अडकून पडतात, आणि उरलेले शहर त्याच वेळी जवळजवळ रिकामे असते.

पहिल्यांदा जाणाऱ्याने आधी हे शहर उभे कसे आहे, ते समजून घ्यावे. जमीन खोदून कालवे काढले, अशी अनेकांची समजूत असते. प्रकार बराचसा उलटा आहे. किनाऱ्याला समांतर पसरलेल्या वाळूच्या लांबट पट्ट्यांनी अडवलेले सुमारे ५५० चौरस किलोमीटरचे उथळ खारे पाणी, भूगोलाच्या पुस्तकातले खारकच्छ, हे व्हेनिसचे घर. त्यात चिखलाची सखल बेटे होती. पाचव्या-सहाव्या शतकांत उत्तरेकडून येणाऱ्या टोळ्यांच्या धाडींना कंटाळून मुख्य भूमीवरचे लोक या बेटांवर आश्रयाला आले. घोडदळ चिखलात उतरू शकत नव्हते आणि वाटा ठाऊक नसलेली जहाजे गाळात रुतत होती. म्हणूनच मध्ययुगातल्या युरोपीय शहरांना असतो तसा तट या शहराला कधी लागला नाही. बेटांच्या कडा बांधून काढल्या गेल्या, मधल्या नैसर्गिक खाड्या राहिल्या आणि त्यांचेच कालवे झाले. आज ११८ बेटे आणि चारशेहून अधिक पूल मिळून हे शहर होते.

चिखलावर दगडी राजवाडे उभे राहिले ते लाकडाच्या आधाराने. ओक, लार्च, अल्डर अशा झाडांचे खुंट एकमेकांना खेटून चिखलात ठोकायचे, त्यावर फळ्यांचा थर, त्यावर इस्त्रियाच्या पांढऱ्या दगडाचा पाया आणि त्यावर विटांच्या भिंती, अशी ही रचना आहे. एवढी शतके लाकूड कुजले कसे नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते, आणि पाण्याखालच्या घट्ट गाळात ती जवळपास पोहोचतच नाही. इस्त्रियाचा दगड पाणी शोषत नाही, त्यामुळे खारी ओल विटांपर्यंत चढत नाही. निदान बांधणाऱ्यांचा हिशेब तसा होता. पाण्याची पातळी वाढल्याने आता ओल या दगडाच्या वर पोहोचते आणि जुन्या भिंतींचा गिलावा सोलून काढते. बोटीतून जाताना घरांच्या पायथ्याशी दिसणारी हिरवी शेवाळी रेघ कुठपर्यंत चढली आहे, हे पाहिले की शहराचे दुखणे कळते. रिआल्तोच्या पुलाखाली असे सुमारे १२ हजार खुंट आहेत. सांता मारिया देल्ला सालुते या गोल घुमटाच्या चर्चखालच्या खुंटांचा परंपरेने सांगितला जाणारा आकडा अकरा लाखांच्या वर जातो.

पाण्यात राहून पिण्याच्या पाण्याची टंचाई, ही दुसरी अडचण. शहरातल्या लहान चौकांना 'कांपो' म्हणतात, आणि बहुतेक कांपोंच्या मधोमध कोरीव दगडी कठड्याची, आता झाकण लावून बंद केलेली विहीर दिसते. ती आपल्याकडच्यासारखी झऱ्याची विहीर नव्हे. चौकाची फरसबंदी किंचित उतरती असते. पावसाचे पाणी दगडी जाळ्यांतून खाली जायचे, चिकणमातीने अस्तर केलेल्या मोठ्या खड्ड्यातल्या वाळूतून गाळले जायचे आणि मधल्या विटांच्या नळीत साठायचे. सगळा चौक म्हणजे एक गाळणी होती! मुख्य भूमीवरून नळाचे पाणी आले ते १८८४ मध्ये. पावसाचे पाणी साठवण्याच्या योजनांवर बैठका घेणाऱ्या शहरांतून येणाऱ्या प्रवाशाने या विहिरींपाशी पाच मिनिटे थांबायला हरकत नाही.

आता सान मार्को. इथे जे जे भव्य आहे, त्यातले बरेचसे दुसरीकडून आणलेले आहे, आणि ते लपवण्याची व्हेनिसला कधी गरज वाटली नाही. ज्यांच्या नावाने हे चर्च आहे त्या संत मार्क यांच्या अस्थी व्यापाऱ्यांनी ८२८ मध्ये अलेक्झांड्रियाहून चोरून आणल्या. जकातीच्या मुसलमान अधिकाऱ्यांनी तपासू नये म्हणून वर डुकराचे मांस ठेवले होते, अशी कथा आहे. दर्शनी भागात सर्वांत डावीकडच्या दारावर तेराव्या शतकातले मोझेक आहे. त्यात या अस्थी चर्चमध्ये आणल्या जात असल्याचे चित्र आहे. सध्याचे चर्च १०६३ मध्ये बांधायला घेतले आणि १०९४ मध्ये त्याचे विधिवत समर्पण झाले. आतला सोनेरी मोझेकचा पसारा सुमारे आठ हजार चौरस मीटरचा आहे. दिवे लागले नसतील तर तो काळपट दिसतो आणि पर्यटक निराश होऊन बाहेर पडतात. पाच-दहा मिनिटे बाकावर बसून डोळे सरावले, की घुमट हळूहळू उजळू लागतात.

चर्चच्या सज्जावरचे चार घोडे ही दुसरी लूट. १२०४ मध्ये चौथ्या क्रुसेडच्या फौजा जेरुसलेमकडे जायचे सोडून ख्रिस्ती कॉन्स्टँटिनोपलवरच चालून गेल्या. त्यांत पुढाकार होता तो वृद्ध आणि दृष्टी गेलेला डोज, म्हणजे व्हेनिसचा निवडून आलेला प्रमुख, एन्रिको दांदोलो याचा. तिथल्या शर्यतीच्या मैदानातले हे घोडे व्हेनिसला आले. १७९७ मध्ये नेपोलियनने व्हेनिसचे हजारभर वर्षांचे प्रजासत्ताक बुडवले आणि घोडे पॅरिसला नेले. ते १८१५ मध्ये परत आले. बाहेर दिसतात त्या प्रतिकृती आहेत, मूळ घोडे वरच्या मजल्यावरच्या संग्रहालयात आहेत. त्यासाठी वेगळे तिकीट लागते, आणि ते काढावेच, कारण त्याच तिकिटावर सज्जात उभे राहून चौक पाहता येतो. समोरचा उंच मनोरा मात्र जुना वाटतो तेवढा जुना नाही. १४ जुलै १९०२ रोजी सकाळी तो कोसळून विटांचा ढीग झाला. माणूस एकही दगावला नाही. नगरपालिकेने 'जसा होता तसा, जिथे होता तिथे' बांधायचे ठरवले आणि १९१२ मध्ये तो पुन्हा उभा राहिला.

मराठी प्रवाशाने खरे रेंगाळायचे ते चर्चच्या उजव्या अंगाला, समुद्राकडे उघडणाऱ्या छोट्या चौकात. डोजच्या राजवाड्यासमोर कमानींची लांब इमारत आहे, ती मार्चियाना ग्रंथालयाची. तिला लागूनच, पाण्याकडे तोंड करून उभी असलेली जाडजूड दगडांची इमारत म्हणजे जुनी टांकसाळ, 'त्झेक्का'. हा शब्द अरबी 'सिक्का'वरून आला, म्हणजे आपल्या 'शिक्क्या'चा तो सख्खा भाऊ. व्हेनिसने १२८४ पासून डुकॅट नावाचे सोन्याचे नाणे पाडले. वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास, सोने जवळजवळ शुद्ध. एका बाजूला उभे संत मार्क आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकलेला डोज. पाचशे वर्षांत या नाण्याचे वजन, कस आणि चित्र जवळपास बदलले नाही, म्हणून ते पूर्वेकडच्या बंदरांत डोळे झाकून स्वीकारले जाई. मिरी, सुती कापड आणि रत्ने यांच्या बदल्यात ते तांबड्या समुद्रामार्गे आणि इराणच्या आखातातून भारतात येत राहिले. नाण्यावर माणसांच्या आकृती आहेत म्हणून आपल्याकडे त्याचे नाव पडले 'पुतळी'. शिवकालीन नाण्यांच्या याद्यांत पुतळी आढळते, आणि या नाण्यांना कड्या लावून ओवलेली पुतळ्यांची माळ मराठी घरांतल्या दागिन्यांच्या डब्यात पिढ्यान्पिढ्या राहिली. पुढे इथल्या सोनारांनी तसेच ठसे कोरून पुतळ्या घडवल्या आणि मूळ गाव विसरले गेले.

त्याच टांकसाळीची इमारत आता ग्रंथालयाच्या ताब्यात आहे आणि तिथला संग्रह पाहता आणखी एक धागा सापडतो. निकोलाव मनुची हा व्हेनिसचा मुलगा १६५३ मध्ये, जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचा असताना, जहाजात लपून घराबाहेर पडला तो थेट मोगलांच्या दरबारी पोहोचला. मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत १६६५ मध्ये, पुरंदरच्या तहाच्या वेळी, त्याची शिवाजी महाराजांशी भेट झाली. त्याचा ग्रंथ 'असे होते मोगल' या नावाने मराठीत आलेला आहे. मनुची मायदेशी परतला नाही, त्याची हस्तलिखिते मात्र आली आणि ती मार्चियानात आहेत. मीर मुहम्मद या चित्रकाराकडून त्याने काढून घेतलेल्या चित्रांचा संग्रहही व्हेनिसला पोहोचला होता. त्यात घोड्यावर स्वार झालेले शिवाजी महाराज आहेत. नेपोलियनच्या माणसांनी १७९७ मध्ये तो संग्रहही पॅरिसला नेला. कांस्याचे घोडे परत आले, हा संग्रह पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातच राहिला.

इथून रिआल्तोकडे जाणे म्हणजे सत्तेकडून पेढीकडे जाणे. मिरीचे भाव इथे ठरत. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचल्याची बातमी आली तेव्हा याच परिसरातल्या व्यापाऱ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. गोव्यात पोर्तुगीज बसले म्हणून व्हेनिस लगेच संपले, असे शाळेत शिकवले जाते ते मात्र पूर्ण खरे नाही. सोळाव्या शतकाच्या मध्याला तांबड्या समुद्रामार्गे येणारी मिरी पुन्हा वाढली होती. सेझारे फेदेरिची हा इथला व्यापारी १५६३ मध्ये निघाला आणि पोर्तुगीजांच्या अमलातल्या चौल आणि गोव्यापर्यंत फिरून गेला. रिआल्तोचा सध्याचा दगडी पूल १५८८ ते १५९१ या काळातला, म्हणजे ती 'ऱ्हासाची' बातमी येऊन नव्वद वर्षे झाल्यानंतरचा. पुलापलीकडचा मासळीबाजार सकाळी लवकर गाठावा. रविवारी आणि सोमवारी तो बंद असतो.

जगाच्या बोलण्यात या शहराने किती शब्द सोडले आहेत, हे तिथे पायी फिरतानाच ध्यानात येते. बातमीपत्राच्या किमतीइतक्या 'गाझेता' या नाण्यावरून गॅझेट आले, असे मानतात. १५१६ मध्ये यहुद्यांना ज्या बेटावर राहण्याची सक्ती झाली आणि रात्री ज्याची दारे बंद होत, त्या वस्तीचे नाव 'घेत्तो'. तो शब्द पुढे युरोपभर कोणत्या अर्थाने फिरला, ते सर्वांना ठाऊक आहे. तिथली घरे सात-आठ मजली आणि बुटक्या छतांची आहेत, कारण माणसे वाढली तरी जागा वाढवून मिळत नव्हती. करोनाच्या वर्षांत घराघरांत पोहोचलेला क्वारंटाइन हा शब्द चाळीस दिवसांच्या इथल्याच सक्तीच्या मुक्कामाचा. प्लेगच्या रुग्णांसाठी १४२३ मध्ये व्हेनिसने एक स्वतंत्र बेटच राखून ठेवले होते. तरीही १६३०-३१ च्या साथीत शहरातली सुमारे ४६ हजार माणसे गेली. वर उल्लेखलेले सालुतेचे चर्च त्या साथीतून सुटका व्हावी म्हणून केलेल्या नवसाचे आहे. दरवर्षी २१ नोव्हेंबरला ग्रँड कॅनालवर तात्पुरता पूल टाकून गावकरी तिथे मेणबत्त्या लावायला जातात.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. व्हिसा शेंगेनचा लागतो. स्वस्त म्हणून बहुतेक सहली मुख्य भूमीवरच्या मेस्त्रे येथे मुक्काम करतात. तिथून रेल्वेने दहा-बारा मिनिटांत येता येते, पण रात्रीचे आणि पहाटेचे शहर हातचे जाते. निदान दोन रात्री बेटावर काढाव्यात, हॉटेल लहान असले तरी चालेल. सामान मात्र कमी न्यावे. मोटार नाही, रिक्षा नाही, आणि प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत. चाकांची मोठी बॅग घेऊन चार पूल चढले-उतरले की हा सल्ला पटतो. सार्वजनिक बोटीला 'वापोरेत्तो' म्हणतात. ७५ मिनिटांचे तिकीट २०२५ मध्ये साडेनऊ युरो होते, त्यामुळे एक-दोन दिवसांचा पास परवडतो. क्रमांक एकची बोट ग्रँड कॅनालवरून प्रत्येक थांबा घेत रमतगमत जाते. संध्याकाळी तिच्या पुढच्या भागात जागा मिळाली, तर वेगळ्या सफरीची गरज उरत नाही. गोंडोलाचा सरकारी दर नोव्हेंबर २०२३ पासून दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो आहे. तो माणशी नव्हे, बोटीचा दर आहे. नुसते गोंडोलात बसण्याचे समाधान हवे असेल तर कॅनाल ओलांडून देणारी 'त्रागेत्तो' ही तर दोन युरोंत नेते.

पत्ते शोधणे हे प्रकरण निराळेच आहे. शहराचे सहा भाग आहेत आणि घरांचे क्रमांक रस्त्याप्रमाणे नव्हे, तर संपूर्ण भागाचे मिळून सलग दिलेले आहेत. त्यामुळे चार हजारच्या पुढचा क्रमांक पाहून घाबरू नये. भिंतींवर सान मार्को, रिआल्तो अशा दिशा दाखवणाऱ्या पाट्या असतात. परतीच्या वेळी त्या उपयोगी पडतात, बाकीच्या वेळी त्यांच्या विरुद्ध जाणेच बरे. काहीतरी चुकल्याशिवाय कास्तेल्लो किंवा कान्नारेजोमधली, दोऱ्यांवर कपडे वाळत घातलेली गल्ली दिसत नाही. शाकाहारींनी 'भाजीचा' पदार्थ मागवतानाही मासळी किंवा मांसाचा रस त्यात आहे का, हे विचारून घ्यावे.

ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात मोठी भरती येते. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढले होते आणि १२ नोव्हेंबर २०१९ रोजी १८७ पर्यंत. त्यानंतर, ३ ऑक्टोबर २०२० रोजी, खारकच्छाच्या तीन मुखांवर बसवलेली ७८ पोलादी दारे प्रथमच प्रत्यक्ष भरतीत उचलली गेली. एरवी ती तळाशी पडून असतात. हवा भरून पाणी बाहेर ढकलले की ती वर उठतात. हा प्रकल्प वर्षानुवर्षे रखडला, खर्च पाच अब्ज युरोंच्या वर गेला आणि २०१४ मध्ये लाचखोरीच्या प्रकरणात खुद्द महापौरांना अटक झाली. तरीही दारे काम करतात, हे मान्य करावे लागते. ती साधारण ११० सेंटिमीटरच्या भरतीचा अंदाज असला की उचलली जातात. सान मार्को चौक त्याहून बराच सखल असल्याने लहान भरतीत तिथे पाणी येतच राहते, म्हणून २०२२ मध्ये चर्चभोवती काचेची भिंत उभारण्यात आली. समुद्राची पातळी वाढत गेली तर दारे वारंवार बंद ठेवावी लागतील. तसे झाले तर भरती-ओहोटीनेच स्वच्छ राहणाऱ्या या पाण्याचे आणि इथल्या बंदराचे काय होणार, यावर तज्ज्ञांचे वाद चालू आहेत.

पाण्यापेक्षाही मोठी ओहोटी माणसांची आहे. १९५१ मध्ये या बेटांवर पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत होते. ऑगस्ट २०२२ मध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. २०२३ मध्ये पर्यटकांसाठीच्या खाटा रहिवाशांहून जास्त झाल्याचे स्थानिक नागरिकांच्या गटांनी मोजून दाखवले. घर पर्यटकाला रोजावर दिले तर भाडेकरूकडून मिळणाऱ्या रकमेच्या कितीतरी पट मिळते, मग किराण्याच्या दुकानाच्या जागी मुखवट्यांचे दुकान येते. शिक्षक, परिचारिका, सुतार मेस्त्रेत राहायला जातात आणि सकाळी पर्यटकांच्याच गाडीने कामावर येतात. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या पर्यटन जहाजांना शहरासमोरून जायला बंदी झाली, २०२४ मध्ये मार्गदर्शकासोबतच्या गटाला २५ माणसांची मर्यादा आली आणि ध्वनिवर्धकांवर बंदी घालण्यात आली. त्याच वर्षी २५ एप्रिलपासून निवडक २९ दिवशी, फक्त दिवसापुरत्या येणाऱ्यांना पाच युरो प्रवेशशुल्क लागू झाले. २०२५ मध्ये असे ५४ दिवस होते, आणि आयत्या वेळी नोंदणी करणाऱ्यांना दहा युरो मोजावे लागले. मुक्कामाला राहणाऱ्यांना, मेस्त्रेत राहणाऱ्यांनाही, ते भरावे लागत नाही. फक्त सवलतीची नोंद आधी करून ठेवावी लागते. शहराला तिकीट लावले, म्हणजे ते संग्रहालय असल्याचे पालिकेनेच कबूल केले, अशी टीका रहिवाशांनी केली आणि तिच्यात तथ्य आहे. पाच युरोंसाठी कुणी माघारी फिरल्याचे दिसले नाही.

शुल्काची वेळ दुपारी चारला संपते. साडेपाच-सहापर्यंत परतीच्या बोटी भरून जातात, कांपोंमध्ये मुले चेंडू घेऊन उतरतात आणि म्हातारी माणसे विहिरींच्या कठड्यांपाशी बोलत उभी राहतात. रिआल्तोपासून मिनिटभराच्या अंतरावर सान बार्तोलोमेओच्या चौकात एक औषधाचे दुकान आहे. २००८ मध्ये काही गावकऱ्यांच्या पुढाकाराने त्याच्या काचेत विजेच्या अक्षरांची एक पाटी लावण्यात आली. बेटांवर आता किती रहिवासी उरले, एवढेच ती पाटी सांगते. ती बसवली तेव्हा आकडा साठ हजारांच्या वर होता.